अग्निजन्य खडकात जीवाश्म? तेही सूक्ष्मजीवांचे?

कातळवेडी
सप्रेम नमस्कार.

मी शाळेत भूगोल शिकवते. 'अग्निजन्य खडकांत जीवाश्म आढळत नाहीत' हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि मुलं ते पेपरात जसंच्या तसं उतरवतात. कारणही सरळ आहे. बेसॉल्टचा लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचं तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सियस असतं. त्यात हाड टिकत नाही, लाकूड टिकत नाही, तिथे जिवाणूंची काय कथा!

आता वाचनात आलं की दक्षिण आफ्रिकेतल्या २४० कोटी वर्षं जुन्या बेसॉल्टमध्ये बुरशीसारखे तंतू सापडलेत. २०१७ सालचं संशोधन आहे, स्वीडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातले स्टेफान बेंग्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. खडक अस्सल लाव्हाचा, गाळाचा नव्हे.

हे होतं कसं? आणि आपण तर बेसॉल्टवरच राहतो. सह्याद्री, किल्ले, लेणी, सगळा काळा कातळ. त्यात असं काही असू शकेल का? जाणकारांनी सविस्तर लिहा, मला वर्गात सांगायचंय.

चहाटळ
मस्त धागा. वरळीचे बेडूक विसरू नका लोकहो.

कातळवेडी
वरळीचे बेडूक?? नीट सांगा की.

चहाटळ
मुंबईत वरळीला बेसॉल्टच्या थरांत चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले होते. इंडोबॅट्राकस नाव त्यांचं. 'डायनोसॉर' हा शब्द ज्याने दिला त्या रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. म्हणजे मुंबईकर बेडूक विलायतेला पोचून पावणेदोनशे वर्षं झाली!

खडकपारखी
चहाटळराव, बेडूक खरे, पण ते लाव्हात नाहीत. दख्खनचे लाव्हा एका दमात आले नाहीत. एक प्रवाह थिजला की पुढचा येईपर्यंत बराच काळ जायचा. तेवढ्यात तळी साचायची, गाळ बसायचा, झाडं उगवायची. मग वरून दुसरा लाव्हा. वरळीचे बेडूक त्या मधल्या गाळातले. छिंदवाड्याजवळ मोहगावकलां इथले ताडवर्गीय झाडांचे दगड झालेले अवशेषही असेच मधल्या थरातले. आसपास सगळा बेसॉल्ट असला तरी जीवाश्म ज्यात आहेत तो खडक गाळाचा.

प्रत्यक्ष लाव्हात प्राणी अडकल्याचं एक उदाहरण मात्र जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात ब्लू लेकजवळ १९३५ साली बेसॉल्टमध्ये एक गेंड्याच्या आकाराची पोकळी सापडली. लाव्हा पाण्यात शिरला, उशीसारखे गोळे होऊन झटकन थिजला आणि पाण्यात पडलेल्या गेंड्याच्या कलेवराभोवती साचा तयार झाला.

सूक्ष्मजीवांची गोष्ट या दोन्हींहून वेगळी आहे. दुपारी सवडीने लिहितो, घाईत उरकण्यासारखा विषय नाही.

लिंबूटिंबू
गेंड्याचा साचा! आज जेवताना घरी हेच सांगणार.

खडकपारखी
हां, आता बसलो निवांत.

ताई, तुमचा प्रश्न 'लाव्हात ते जगले कसे' असा आहे, आणि उत्तर असं की ते लाव्हात नव्हतेच. ते नंतर आले. खडक थंड झाल्यावर, कधी काही वर्षांनी, कधी लाखो वर्षांनी.

लाव्हा वर येतो तेव्हा त्यात पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड विरघळलेले असतात. दाब कमी झाला की त्यांचे फुगे होतात. लाव्हा थिजतो आणि फुगे तसेच पोकळ राहतात. शिवाय थंड होताना खडक आकसतो, त्याला बारीक भेगा पडतात. समुद्राच्या तळावर अशा फुटक्या, सच्छिद्र बेसॉल्टमधून समुद्राचं पाणी सतत फिरत असतं. पाण्याबरोबर सूक्ष्मजीव आत जातात. खडक तोवर कोमट किंवा गार झालेला असतो. आजवर प्रयोगशाळेत जो सूक्ष्मजीव सगळ्यात जास्त उष्णतेत वाढताना दिसला त्याची मर्यादा १२२ अंशांची. त्यामुळे हजार अंशांचा प्रश्नच येत नाही.

आता जीवाश्म होण्याचा भाग. सूक्ष्मजीव पोकळीच्या भिंतीला चिकटतात आणि भोवती चिकट स्राव सोडतात. त्याचा एक पातळ पापुद्रा तयार होतो, त्याला जैवपटल म्हणतात. या स्रावावर ऋणभार असतो, त्यामुळे पाण्यातलं लोह आणि इतर धातूंचे आयन त्याला धरून बसतात. हळूहळू तंतूभोवती लोहाच्या ऑक्साइडचं किंवा चिकणमातीच्या खनिजाचं आवरण चढतं. जीव मरतो, आतला मऊ भाग कुजतो, पण आवरणाचा आकार राहतो, कधी आत थोडा कार्बनही उरतो. शेवटी उरलेली पोकळी कॅल्साइट, झिओलाइट किंवा गारेने भरून जाते. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जी पांढरी पुटं चढतात, तीच क्रिया इथे अतिशय संथपणे चालते. पोकळी भरली की तंतू बंदिस्त.

म्हणजे जीवाश्म बेसॉल्टच्या अंगात नसून बेसॉल्टच्या पोकळीत बसलेल्या खनिजात आहे. एवढं धरलं की बाकी सगळं उलगडतं.

विहीरवाला
दादा, हे तर आमचं रोजचं काम निघालं. आम्ही विहिरी अन बोअर करतो, जुन्नर-संगमनेरच्या पट्ट्यात. वरून काळी माती, मग मुरूम, मग कठीण काळा पाषाण. त्याखाली कधी मांजऱ्या लागतो. त्याला पांढरे पांढरे डोळे असतात, कुदळीनं सुटा होतो. त्या डोळ्यांत पांढऱ्या सुया, कधी पानासारखे पापुद्रे, कधी हिरवी बुकटी. मोठा डोळा फुटला की आत चमचमतं. खदानीवाले ते वेगळं काढून विकतात. ह्या डोळ्यातच तुम्ही म्हणता ते जिवाणू?

खडकपारखी
बरोबर तेच डोळे. सुया बहुधा स्कोलेसाइट, पापुद्रे म्हणजे स्टिल्बाइट किंवा हॉयलँडाइट, ही सगळी झिओलाइट गटातली खनिजं. हिरवी बुकटी बहुतेक वेळा सेलाडोनाइट नावाचं मातकट खनिज असतं. ती भिंतीलगत असते, कारण ती आधी बसली. सुया आणि स्फटिक नंतर आले. कोण आधी आणि कोण नंतर हा क्रम इथे फार कामाचा आहे. खरा सूक्ष्मजीव असेल तर तो भिंतीला धरून वाढलेला आणि नंतरच्या स्फटिकाच्या पोटात गेलेला दिसला पाहिजे.

सोनचाफा
सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आपल्याकडचे हे सगळे स्फटिक बघायला मिळतात. ताई, मुलांची सहल तिकडे न्या. अशा पोकळीच्या आत काय असतं ते डोळ्यांनी पाहिलं की फळ्यावरचं चित्र लागत नाही.

शंकासूर
सगळं छान, पण मला एक सांगा. तंतू दिसला म्हणजे जीव झाला का? मॉस अगेट नावाचा दगड पाहिलाय ना? आत हिरवं शेवाळ पसरल्यासारखं दिसतं. शेवाळाचा अंशही नसतो त्यात, सगळी खनिजांची करामत. सोडियम सिलिकेटच्या द्रावणात धातूंच्या क्षाराचा खडा टाकला की शाळेच्या प्रयोगशाळेतही नळ्या आणि फांद्या उगवतात. एडिनबरोच्या शॉन मॅकमहन यांनी २०१९ मध्ये दाखवलं की लोहक्षारांपासून अशा 'रासायनिक बागा' केल्या तर त्यांतले तंतू जुन्या खडकांतल्या तथाकथित जिवाणूंच्या तंतूंसारखेच दिसतात. २४० कोटी वर्षांपूर्वीची बुरशी म्हणे! निर्विवाद बुरशीचे जीवाश्म त्याच्या मानाने कितीतरी अलीकडचे आहेत. मला हे पटत नाही.

खडकपारखी
शंका रास्त आहे, आणि या क्षेत्रात ती कायम जागी ठेवावी लागते. बार्बर्टनचंच पाहा. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या पट्ट्यात जवळजवळ ३५० कोटी वर्षं जुने लाव्हा आहेत, पाण्याखाली उशांसारखे थिजलेले. त्यांच्या काचेसारख्या कडांत सूक्ष्म नळ्या सापडल्या. २००४ मध्ये हाराल्ड फुर्नेस आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की सूक्ष्मजीवांनी ज्वालामुखी काच पोखरून त्या केल्या, पुढे त्यांत टायटनाइट हे खनिज भरलं. जगातल्या सगळ्यात जुन्या जीवखुणांमध्ये त्या गणल्या जाऊ लागल्या. पण २०१४ मध्ये ग्रोश आणि मॅकलॉक्लिन यांनी त्या टायटनाइटचं वय काढलं तर ते सुमारे २९० कोटी वर्षं भरलं, लाव्हाहून पन्नासेक कोटींनी कमी. शिवाय रचना अशी की खडक पुन्हा तापल्यावर स्फटिक आपले आपण वाढले असं म्हणणं सोपं जातं. दावा बराच डळमळला.

पण म्हणून सगळं एका फटक्यात उडवून लावू नये. ताईंनी सांगितलेले २४० कोटी वर्षं जुन्या बेसॉल्टमधले, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या ओंगेलुक लाव्हातले तंतू साधे सरळ दोरे नाहीत. पोकळीच्या भिंतीवर आधी एक पापुद्रा आहे, त्यातून तंतू निघतात, त्यांना फांद्या फुटतात आणि फांद्या पुन्हा एकमेकींना जोडल्या जाऊन जाळं होतं. असं जाळं विणणं ही बुरशीची सवय. रासायनिक बागेतली नळी फांद्या फोडते, पण त्या अशा सहज परत जुळत नाहीत.

शंकासूर
'सहज जुळत नाहीत' म्हणजे 'कधीच जुळत नाहीत' नव्हे. आणि बेंग्टसन यांनीही हे बुरशीच असं ठामपणे म्हटलेलं नाही. बुरशी, किंवा बुरशीसारखं काहीतरी जे पुढे नामशेष झालं, अशा दोन वाटा त्यांनी खुल्या ठेवल्यात. बातम्यांचे मथळे मात्र 'पहिली बुरशी' असेच.

खडकपारखी
हे शंभर टक्के मान्य. मथळ्यांवर जाऊ नये.

मुक्काम_उप्साला
थोडी इकडची भर घालते. बेसॉल्टमध्ये फुगे तरी असतात. ग्रॅनाइट जमिनीखाली संथपणे थिजलेला, त्यात फुगे नाहीत. तरीही त्याच्या भेगांत जीवाश्म मिळतात.

स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावर एस्पो इथे ग्रॅनाइटमध्ये बोगदा खणून प्रयोगशाळा केली आहे. अणुभट्ट्यांचा कचरा खोल खडकात कसा ठेवावा याच्या अभ्यासासाठी ती उभारली. बाहेरच्या लोकांनाही आत नेऊन दाखवायचे. मी गेले तेव्हा मला त्या ओल्या भिंतींचंच नवल वाटत राहिलं. जिथे भेग तिथे पाणी झिरपतं आणि त्यावर लोहाचा तांबूस मऊ थर चढलेला असतो, तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा. बोट लावलं तर साय मोडावी तसा निघतो. त्याच एस्पोत कार्स्टन पेडरसन यांच्या गटाने १९९७ मध्ये २०७ मीटर खोलीवरच्या भेगेतल्या कॅल्साइटमध्ये प्राचीन जिवाणूंच्या खुणा नोंदवल्या.

पुढे २०१७ मध्ये जवळच्याच लाक्सेमार इथे ७४० मीटर खोलीवर ग्रॅनाइटच्या पोकळीत बुरशीचे तंतू सापडले. हेन्रिक ड्रेक आणि माग्नुस इवार्सन यांचं काम. तिथे ऑक्सिजन नाही, उजेड नाही. बुरशीच्या जोडीला सल्फेटवर जगणारे जिवाणू असावेत, कारण पोकळीतल्या पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजात गंधकाच्या समस्थानिकांचं (कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण जिवाणूंकडेच बोट दाखवतं. संशोधकांचा कयास असा की बुरशी हायड्रोजन सोडायची आणि जिवाणू त्यावर पोट भरायचे. शंकासूर, तंतूचा आकार, उरलेला कार्बन आणि शेजारच्या पायराइटचं रसायन हे तिन्ही एकाच दिशेला जात असतील तर निव्वळ योगायोग म्हणणं अवघड होतं.

शंकासूर
हो, लाक्सेमारचं मला पटतं. माझा आक्षेप फक्त आकारावरून निकाल लावण्याला होता.

लिंबूटिंबू
उजेड नाही, ऑक्सिजन नाही, मग खातात काय बिचारे?

पेट्रीडिश
हा माझा विषय, म्हणून धावत आले.

खडक हेच त्यांचं रेशन. बेसॉल्टमध्ये लोह भरपूर, आणि ते इलेक्ट्रॉन द्यायला तयार असलेल्या रूपात. काही जिवाणू त्या लोहाचं ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतात. शिवाय लोहयुक्त खनिजांची पाण्याशी क्रिया झाली की हायड्रोजन वायू सुटतो. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एवढ्यावर मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव सुखाने जगतात. सूर्याशी काही देणंघेणं नाही. १९९५ मध्ये स्टीव्हन्स आणि मॅकिन्ली यांनी कोलंबिया नदीच्या बेसॉल्टमधल्या खोल भूजलात अशी सूर्याविना चालणारी वस्ती असल्याचं मांडलं. त्यावर पुष्कळ वाद झाला, पण पुढच्या सगळ्या संशोधनाला त्याने वाट करून दिली.

बुरशीचं वेगळं. तिला आयतं सेंद्रिय अन्न लागतं. त्यामुळे बुरशीचे तंतू मिळाले तर तिथे आधी जिवाणूंची वसाहत होती असं धरायला हरकत नाही. पॅसिफिकमध्ये कोको नावाचा बुडालेला ज्वालामुखी पर्वत आहे, त्याच्या बेसॉल्टमध्ये बुरशी आणि जिवाणूंसारख्या रचना एकत्र जीवाश्म झालेल्या मिळाल्यात.

आणि हे सगळं फक्त भूतकाळातलं नाही! टोकियो विद्यापीठाच्या योहेई सुझुकी यांच्या गटाने २०२० मध्ये दक्षिण पॅसिफिकच्या तळाखालच्या बेसॉल्टचा अभ्यास प्रसिद्ध केला. खडक साडेतीन ते दहा कोटी वर्षांचा. केसासारख्या भेगांत चिकणमाती भरलेली, आणि त्या मातीत जिवाणू इतके दाटीवाटीने की एका घन सेंटीमीटरला हजार कोटींच्या वर पेशी. त्यांनीच २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्ड भागातल्या २०० कोटी वर्षं जुन्या अग्निजन्य खडकात, साधारण १५ मीटर खोलीवर, मातीने बंद झालेल्या भेगांत जिवंत पेशी दाखवल्या. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की भेग भरत जाते, जीव आत कोंडले जातात आणि काही तसेच तग धरतात. जीवाश्म होण्याच्या वाटेवरचा मधला टप्पाच आपल्याला बघायला मिळतोय.

चहाटळ
हजार कोटी पेशी एका घन सेंटीमीटरमध्ये! आणि आम्ही दादर स्टेशनला गर्दी म्हणतो.

कातळवेडी
सगळ्यांचे किती आभार मानू! पेट्रीडिश, तुमचा प्रतिसाद छापून वर्गात लावणार आहे. पण आपल्या दख्खनचं काय? दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही.

कऱ्हाडकर
कोयनेचं सांगतो. १९६७ च्या भूकंपानंतर कोयना परिसर हा भूकंप अभ्यासाचा जागतिक पत्ता झाला. आमच्या कऱ्हाडला केंद्र सरकारची बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. तिच्यामार्फत गोठण्याला तीन किलोमीटर खोल चाचणी बोअर घेतलं. वरचा साधारण सव्वा किलोमीटर बेसॉल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी पाया. हेतू भूकंपाचा, पण वर काढलेल्या खडकाच्या लांबलचक कांड्यांवर खरगपूर आयआयटीच्या पिनाकी सार यांच्या गटाने सूक्ष्मजीवांचाही अभ्यास केला. त्या खोल खडकात सूक्ष्मजीवांचा डीएनए मिळाला. हे आजच्या जीवांबद्दल झालं, जीवाश्मांबद्दल नव्हे. पण सह्याद्रीच्या पोटात वस्ती आहे एवढं नक्की.

खडकपारखी
कऱ्हाडकरांनी मोलाची माहिती दिली. त्यावर माझं मत.

दख्खनचे लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आणि बहुतांश उघड्या जमिनीवर पसरलेले. मुंबई परिसरात काही ठिकाणी पाण्यात थिजलेले उशीसारखे लाव्हा आहेत, पण ते अपवाद. म्हणजे समुद्राच्या पाण्याने भेगा धुतल्या जाण्याचा प्रकार इथे फारसा नाही. पावसाचं मुरलेलं पाणी आणि खडकातलं गरम पाणी यांनी आपले डोळे भरले. झिओलाइटचे टपोरे स्फटिक बऱ्याचदा शंभर अंशांच्या आगेमागे किंवा त्याहून गरम पाण्यातून वाढतात. तिथे सूक्ष्मजीवांना वाव कमी. उलट भिंतीलगतची हिरवी माती, अगेट आणि उशिरा बसलेलं कॅल्साइट कमी तापमानाला तयार होऊ शकतं. मी शोधायला निघालो तर स्टिल्बाइटच्या देखण्या गुच्छाला हातही लावणार नाही. ज्याला कुणी विकत घेत नाही तो हिरवट, मातकट, बारीक डोळ्यांचा मांजऱ्या घेईन.

शोध मात्र कमी घेतला गेलाय, ही खंत आहे. आपल्याकडे या पोकळ्यांकडे एक तर स्फटिकाचा व्यापारी बघतो, नाहीतर खनिजाचा अभ्यासक. जीवाश्माच्या नजरेने बघणारे थोडे.

विहीरवाला
मांजऱ्या पाहिजे तेवढा देतो दादा. गाडी घेऊन या.

तारांगण
यात मंगळाचं नाव अजून कसं आलं नाही? पर्सिव्हिअरन्स गाडी २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरली. तिथे पूर्वी तळं होतं, त्यामुळे तळाशी गाळाचा खडक मिळेल असं अनेकांना वाटत होतं. निघाला अग्निजन्य, पाण्याने बदललेला. मंगळाचा पृष्ठभाग बराचसा बेसॉल्टचाच. तिथे कधी जीव असलाच तर वरच्या किरणोत्सारापासून आणि थंडीपासून लपायला भेगा आणि फुगे हीच जागा. आपलं लोणार म्हणूनच अभ्यासकांना हवंहवंसं वाटतं. बेसॉल्टमध्ये अशनीपाताने झालेली, इतकी चांगली टिकलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी.

शंकासूर
मंगळाच्या बाबतीत १९९६ आठवा. अंटार्क्टिकात सापडलेल्या मंगळाच्या अशनीत, एएलएच ८४००१ मध्ये, जिवाणूंसारख्या कांड्या दिसल्या म्हणून केवढा गाजावाजा झाला. तोही अग्निजन्य खडकच, आणि कांड्या त्याच्या भेगांतल्या कार्बोनेटमध्ये होत्या. पुढे बहुतेक अभ्यासकांनी ते जीवाश्म मानायला नकार दिला.

तारांगण
हो, पण त्या वादामुळेच पुरावा कसा तपासायचा याचे निकष कडक झाले. आज ओंगेलुकसाठी क्ष-किरण वापरून दगड न फोडता आतल्या तंतूंचं त्रिमित चित्र काढतात, ती शिस्त अशाच वादांतून आली.

कातळवेडी
आता माझ्या मुलांसाठी वाक्य असं करू का? 'लाव्हा थिजताना त्यात सहसा जीवाश्म तयार होत नाहीत. मात्र अग्निजन्य खडक थंड झाल्यावर त्याच्या पोकळ्यांत आणि भेगांत सूक्ष्मजीव राहू शकतात आणि तिथे खनिजं साचून त्यांचे जीवाश्म होऊ शकतात.'

खडकपारखी
उत्तम. गेंड्यासाठी 'सहसा' ठेवलंत हे बरं केलंत. पेपरात मात्र मुलांना पुस्तकातलंच लिहू द्या, गुण जायला नकोत.

लिंबूटिंबू
एक शंका राहिली. लाव्हाचं वय २४० कोटी, पण जिवाणू नंतर आले म्हणता. मग जीवाश्मही २४० कोटींचा कशावरून? कालपरवा शिरलेला नसेल?

खडकपारखी
या धाग्यातला सगळ्यात नेमका प्रश्न. लाव्हाचं वय ही फक्त वरची मर्यादा, जीवाश्म त्याहून जुना असू शकत नाही. खालची मर्यादा भरलेल्या खनिजावरून ठरते. ओंगेलुकमध्ये तंतू स्वतःच क्लोराइट या खनिजाचे झालेत आणि त्यांच्यावर पोकळीतलं भरण बसलंय. नमुना सुमारे ८०० मीटर खोलीवरच्या बोअरमधला. कालचा जिवाणू बंद स्फटिकाच्या पोटात शिरून दगड होऊ शकत नाही. तरी लाव्हा थिजणं आणि पोकळी भरणं यांत किती काळ गेला हे दर वेळी वेगळं सिद्ध करावं लागतं. बार्बर्टनचा दावा तिथेच अडला.

सोनचाफा
शाळेत काही बघता येईल का? साधा सूक्ष्मदर्शक आहे आमच्याकडे.

खडकपारखी
अख्ख्या दगडातून प्रकाश जात नाही, पातळ काप लागतो. नेहमीचा काप ०.०३ मिलिमीटरचा, पण तंतू त्रिमित पसरलेले असल्याने या कामाला त्याहून जाड आणि दोन्ही बाजूंनी घासलेला काप बरा. जवळच्या महाविद्यालयात भूशास्त्र विभाग असेल तर दगड कापायचं यंत्र तिथे असतं, विनंती केली तर करून देतात. डोळा निवडताना वाटाण्याएवढा, पूर्ण भरलेला घ्या आणि भोवतीचा काळा खडक बोटभर तरी राहू द्या. काप भिंत आणि भरण दोन्ही धरून जायला हवा. भिंत तुटली तर तंतू कुठून निघाला ते कळत नाही, मग पुढचं सगळं बघणं फुकट. विहीरवाले, तुमचा मांजऱ्या धुऊ नका, हिरवी माती निघून जाईल. तसाच कागदात गुंडाळून ठेवा.